मटाराच्या पिशवीशेजारची लस

माझी पुतणी कॅनडाच्या पार वरच्या टोकाला नर्स आहे. तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात उगवायचं नाव घेत नाही. छोट्या विमानानं बर्फातल्या वस्त्यांवर जायचं, लोकांचं रक्त तपासायचं आणि हिपॅटायटिस बीची लस टोचायची, हे तिचं काम. आता तिथल्या बाळांना लहानपणीच लस मिळते; राहून गेलेत ते म्हातारेकोतारे. त्या मुलखातून हा आजार कायमचा घालवायचा, म्हणून ही मंडळी दारोदार फिरतात. मला याचं भारी कुतूहल. दर रविवारी फोनवर माझे प्रश्न ठरलेले: विमान उतरतं कुठं? पोरं शाळेत जातात कशी? अंधारात झोपायची वेळ ओळखायची कशी?

"काका, लसीबद्दल कधी विचारणार?" ती म्हणायची.

ती वेळ आणली तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं. दादा कन्नडला शेती बघतो. हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तर त्यालाच हिपॅटायटिस बी निघाला. मी शहरातल्या हर्सूलच्या माझ्या घरून तडक कन्नड गाठलं, दादाच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि डॉक्टरांना सांगितलं, "पिवळं तर काहीच नाही." डॉक्टरांनी माझ्याकडं सहनशीलतेनं पाहिलं. हा आजार वर्षानुवर्षं काही न दाखवता अंगात बसून राहतो, म्हणाले. यकृत सध्या ठीक होतं. दर सहा महिन्यांनी तपासायचं. वहिनीची तपासणी चांगली आली. तिनं फक्त लस घ्यायची होती.

पण दादानं त्याच दिवशी आपलं ताट आणि तांब्या वेगळा काढला आणि ओसरीवर एकटा जेवायला बसला.

"बाबा, जेवणानं होत नाही हो हे," पुतणी फोनवर कळवळून सांगायची. "रक्तातून होतं, आईकडून बाळाला होतं, नवराबायकोत होतं. म्हणून आईला लस. एका पंगतीला बसल्यानं काही होत नाही."

"तू तिकडच्यांना शिकीव," दादा म्हणायचा. "हिला सुई लागल्याबिगर मी आत येत नाय."

वहिनी भाकरी ओसरीवर नेऊन द्यायची आणि आत येऊन एकटी जेवायची. चौतीस वर्षांत दोघांनी एकमेकांशिवाय घास घेतला नव्हता.

कन्नडला लस लगेच मिळेना. मी म्हणालो, मी आणतो. शहरात औरंगपुऱ्यातल्या औषधांच्या दुकानदारानं थर्माकोलच्या डबीत बाटली दिली. "थंड ठेवा," एवढं मी ऐकलं. पुढं तो आणखी काही सांगत होता, पण मी रिक्षा थांबवत होतो. एप्रिल महिना, बेचाळीस डिग्री. आमच्याकडच्या माणसाला थंड या शब्दाला काही मर्यादा असते हे ठाऊकच नाही. माठ, कुल्फी, लस, जितकं गार तितकं चांगलं. मी बाटली फ्रीजरमध्ये मटाराच्या पिशवीशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी भोवती बर्फ ठासला आणि डबी मांडीवर घेऊन एसटीत बसलो.

संध्याकाळी दादाच्या ओसरीवर पोचलो तेव्हा पुतणी व्हिडिओवर होती. तिकडं सकाळ. मी बाटली कॅमेऱ्यासमोर धरली.

"काका, जरा हलवा बरं."

"हलतंय कुठं? दगड झालाय!" मी अभिमानानं म्हणालो.

तिनं जाड कोटाच्या आतून एक पिशवी काढून दाखवली. "बाहेर उणे वीस आहे. ही लस गोठली की वाया गेली. म्हणून आम्ही तिला पोटाशी धरून नेतो, कोंबडी अंडं सांभाळते तशी. आणि तुम्ही कन्नडच्या उन्हात गोठवून दाखवलीत! फेका ती."

"म्हंजे आमचा वनवास वाढला," दादा हसत म्हणाला, पण ताट स्वतःकडं ओढून घेतलं.

मला कुठं तोंड लपवावं कळेना. मी विषय बदलायला विचारलं, तिकडंही लोक असं ताट वेगळं काढतात का?

"एक आजी काढायची," पुतणी म्हणाली. "कप वेगळा, खुर्ची वेगळी. कितीही समजावलं तरी ऐकेना. शेवटी मी तिच्याच कपातला उरलेला चहा पिऊन टाकला."

"मंग?" वहिनीनं विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती या विषयावर बोलली.

"मग काय, तिनं आणखी चहा ओतला."

वहिनी उठली. दादाच्या शेजारी बसली, त्याच्या ताटातली भाकरी मोडली आणि त्याच्याच वाटीतल्या वरणात बुडवून खाल्ली.

"अगं, सुई..." दादा म्हणाला.

"सुई घेईनच की. लेकीनं सांगितलंय ते सगळं करीन," ती म्हणाली. "पर भावजी आणणार असतील तर वर्ष जाईल. तोवर का उपाशी राहू?"

मी उठून आतून माझंही ताट आणलं. नवी बाटली आणायला पुन्हा मलाच पाठवलं, पण या वेळी वहिनी सोबत आली. डबी रस्ताभर तिच्याच मांडीवर होती.