ओहोटीची पाळी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात श्रीमंत मुकादम आहे. वय चोपन्न, काम एकच: लोकांना घाई करणं. पाळीवर कुणी दोन मिनिटं उशिरा आला, तर हा त्याच्याकडे न बघता नुसता घड्याळाकडे बघत राहतो. त्यापेक्षा शिवी परवडली, असं कामगार म्हणतात.

घरीही तीच तऱ्हा. आई चिमाबाईचा जन्म मेंढरांमागे गेलेला, आता गुडघे संपावर. तिची एकच इच्छा राहिली होती. कोकणात समुद्रातल्या खडकावर एक महादेव आहे, ओहोटीला चालत जाता येतं, तिथं जाऊन पोटभर बसायचं. 'पोटभर' यावर तिचा भारी जोर असायचा, कारण कुठल्याही देवळात तिचा नमस्कार होईतो श्रीमंत बाहेर चपला घालून उभा असे.

गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर खडकाळ वाटेचं नाव काढू नका. तेव्हा कुठं श्रीमंत हलला. त्यानं मोबाइलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक शोधलं, छापून घेतलं आणि थेट मागाशेजारी टांगलं. समुद्र तिथून चारशे किलोमीटर, पण महिनाभर अख्खा कारखाना पाणी कुठवर आलं याची चौकशी करत होता. हाताखालचा बसू गाडी चालवायला तयार झाला.

ठरलेल्या तारखेपुढं छापलं होतं, 'ओहोटी ७.३२'. पाळ्यांत केस पिकलेला माणूस याचा दुसरा काय अर्थ लावणार? साडेसातला ओहोटी कामावर येणार आणि दुपारपर्यंत पाणी मागं नेत राहणार. छापलेली वेळ ही पाणी सगळ्यात खाली गेल्याची असते, तिथून ते परत चढायला लागतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्यामुळं किनाऱ्यावर सगळ्यांनी निवांत पोहे खाल्ले. बायको मथुराबाई निघू या म्हणाली, तर यानं जन्मात पहिल्यांदा 'घाई कसली' असं विचारलं.

नऊला घोटाभर पाण्यातून म्हातारीला धरून देवळात नेलं. ती पायरीवर समुद्राकडे तोंड करून बसली. साडेदहाला बसूनं मागं वळून पाहिलं तर वाट गायब. श्रीमंतनं पाण्याला वेळापत्रक दाखवून पाहिलं, पण पाणी काही ऐकेना. मग त्यानं मुक्कामाच्या घरमालकाला फोन लावला. मालक आधी पोटभर हसला आणि मग म्हणाला की देऊळ उंचावर आहे, भिऊ नका, साडेपाचपर्यंत बसा.

सात तास! श्रीमंतनं पहिला तास घड्याळ बघण्यात घालवला. मग भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, आणि शेवटी आईशेजारी चक्क झोपला.

साडेपाचला वाट उघडी पडली. तो आईजवळ खाली मान घालून उभा राहिला.

"माजं चुकलं, आई. मला येळ वाचता आली न्हाय."

"मला दिसत हुतं की," चिमाबाई म्हणाली. "येक येक दगुड बुडत हुता."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तू मला उठीवलं असतंस."

श्रीमंत तिच्याशेजारी पुन्हा खाली बसला. शेवटी 'निघू या' असं बसूलाच म्हणावं लागलं.