अंदर से तो गया है

सचिन गावातल्या आमच्या कारखान्यात, मागाला साडीची नक्षी सांगणारी भोकांची कार्डं पंच करणारं मशीन होतं. त्याचा जुना कॉम्प्युटर बंद पडला, नवा त्याला ओळख दाखवेना आणि ऐन लग्नसराईत माग थांबले. शेठनी सफारी सूटमधला एक विद्वान आणला. त्याने नव्याच्या पोटात सॉफ्टवेअरने जुन्या कॉम्प्युटरचं सोंग उभं केलं आणि मशीनची वायर थेट त्या सोंगाच्या हाती दिली. मग पंच करायचा हुकूम सोडला. पडद्यावर ‘ओके’ आलं. मशीन ढिम्म. त्याने पिनांवर फुंकर मारून वायर पुन्हा लावली. पुन्हा ओके, पुन्हा ढिम्म.

“अंदर से तो गया है,” तो समाधानाने म्हणाला आणि त्याने मला चहा मागवायला सांगितला.

बराच वेळ चहा आला नाही. त्याने विचारलं, तेव्हा मी म्हणालो, “अंदर से तो गया है, साहेब.”

त्याने मान डोलावली आणि टेबलावर कपापुरती जागा केली.