पांगाऱ्याचे बांगडे

सुरमईला फसवायला मी पांगाऱ्याच्या लाकडाचे बांगडे कोरून रंगवले, पण पावसाळी हवेत वरचं रोगण वाळेना. शेवटी गळाची गरी न लावताच ते चुलीवरच्या दोरीला, आईच्या सुक्या बांगड्यांशेजारी टांगले. चुलीपाशी नको, असं बायकोने बजावलं होतं. मी ऐकलं नाही.

दुपारी आईने जेवणाला बांगडा म्हणून माझ्या लाकडी माशांतलाच एक काढून निखाऱ्यांवर ठेवला. रोगणाचा भडका उडाला. मी धावत जाऊन तिचा हात मागे खेचला आणि तिच्यावरच ओरडलो, "तुका दिसना नाय काय?"

ज्वाळेच्या जरा बाजूला बघत ती म्हणाली, "बांगडो असो कसो पेटता रे?"

तिला कधीपासून दिसत नव्हतं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.