पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या

"हात काढा त्या पायावरून!"

मी एवढ्या जोरात ओरडले, की बाहेर बसलेले पेशंटही गप्प झाले. तुमसरला माझं स्त्रीरोगाचं क्लिनिक आहे. टेबलावर छत्तीस वर्षांची वंदना झोपलेली. डावी पोटरी उजवीच्या दीडपट सुजलेली, लाल, गरम. आणि तिची सासू शांताबाई घरून जवसाचं तेल आणून तो पाय मन लावून चोळत होती.

"नस चढली हाये, मॅडम. कालपासून चोळून राहिली, उतरूनच नाही राहिली."

पायाच्या नसेत रक्ताची गाठ झाली असेल, तर चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. मग माणूस बोलता बोलता जातो. सासूबाई सेवा करत होत्या म्हणे!

"कुठल्या गोळ्या चालू आहेत का?"

"नाही बाप्पा! कायच्या गोळ्या?"

वंदना छताकडे बघत राहिली. मला संशय आला. "पाळी पुढे ढकलायच्या?"

"अवो, त्या कायच्या गोळ्या! त्या तं देवाच्या कामाच्या!" शांताबाई म्हणाल्या.

घ्या! महालक्ष्म्यांसाठी गोळ्या सुरू झाल्या. मग सासऱ्यांचं श्राद्ध आलं, म्हणून चालू राहिल्या. आता नवरात्र. नारळ, कापूर, अगरबत्ती आणि गोळ्यांचे पत्ते एकाच पिशवीतून घरी यायचे. मेडिकलवाल्याने एकच प्रश्न विचारला होता : किती पत्ते देऊ?

या गोळ्यांत हार्मोन असतं. तपासून, थोडे दिवस दिलं तर बहुतेकींना काही होत नाही. पण जास्त मात्रेत आठवडेच्या आठवडे घेतलं, की रक्त गोठायचा धोका वाढतो. काही गर्भनिरोधक गोळ्यांचंही तसंच आहे. म्हणून आधी वजन बघायचं, तंबाखू-सिगारेट विचारायची, घरात कोणाला गाठ झाली होती का ते विचारायचं. मी विचारलं.

"माझ्या आईच्या पायात झालती, बाळंतपणात," वंदना म्हणाली. हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

"हिला आत्ताच्या आत्ता भंडाऱ्याला न्या. नसांची सोनोग्राफी करावी लागेल, ॲडमिट करावं लागेल."

"दसरा झाल्यावर जाऊ ना! घरात घट बसले हायेत. नवमीले पंचवीस पानं उठतात. धाकटी सून माहेरी हाये, सैपाक कोन करन?"

म्हणजे विटाळबिटाळ नावाला. बाई बाजूला बसली तर चुलीपुढे कोण, हा खरा प्रश्न. मी वंदनाच्या नवऱ्याला फोन लावला. राइस मिलचा मालक, दिवसभर हमालांवर ओरडणारा माणूस. तो म्हणाला, "आईले विचारून सांगतो." अरे बाबा, आई माझ्यासमोरच बसली आहे!

तेवढ्यात वंदना खोकली. "श्वास घेतला की छातीत टोचून राहिलं, मॅडम."

गाठीचा तुकडा बहुतेक वर पोचला होता. मी नर्सला ऑक्सिजन लावायला आणि अँब्युलन्स बोलवायला सांगितलं, रक्त पातळ करायचं इंजेक्शन भरलं. शांताबाई अजून नवमीचाच हिशेब करत होत्या. मग मी वैद्यकशास्त्र बाजूला ठेवलं.

"शांताबाई, हिचं आज काही बरंवाईट झालं, तर घरात सुतक येईल. मग घट कोण उठवेल?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "बाप्पा! हे तं ध्यानातच नाही आलं!" माझा अजून चालूच असलेला फोन उचलून त्या लेकावर कडाडल्या, "कायले वाट पाहून राहिला? ये जल्दी, भंडाऱ्याले जायचं हाये!"

सुनेच्या जिवाला जे जमलं नाही, ते सुतकाने केलं. संताप आला मला. पण वाद घालायला वेळ नव्हता.

गाठ मांडीपर्यंत गेली होती, फुफ्फुसातही एक तुकडा सापडला. वंदना वाचली. गोळ्या बंद केल्यावर तिची पाळी दवाखान्यात आली, ऐन अष्टमीला. देवी रागावल्याचं माझ्या कानावर नाही.

दिवाळीनंतर दोघी तपासायला आल्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या अजून चालू होत्या. शांताबाई खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाल्या, "मॅडम, धाकट्या सुनेसाठी एखादी हलकी गोळी लिहून द्या ना. तिच्या माहेरी कोनाले गाठबीठ नाही झाली."

मी तोंड उघडायच्या आत वंदना बोलली.

"धाकटी बाजूले बसन, आई. सैपाक तुम्ही करजा."

शांताबाईंनी पुढे ओढलेली खुर्ची हळूच मागे सरकवली.

तेव्हा दोनच गोष्टी सांगते. एकच पाय अचानक सुजला तर चोळू नका, डॉक्टर गाठा. आणि पाळी पुढे ढकलायच्या आधी, ती नक्की कोणाच्या आड येते आहे, एवढं घरात विचारून घ्या.