आमच्या गल्लीत चोरी का होत नव्हती

मंडळी, आज सकाळी सांगलीत आमच्या सोसायटीच्या बैठकीत अध्यक्ष अभिमानानं म्हणाले, "आजूबाजूच्या सगळ्या कॉलन्यांत घरफोड्या झाल्या, आपल्याकडे एकही नाही!" टाळ्या वाजल्या. माझ्या अंगावर मात्र काटा आला.

सत्तरच्या दशकात, साताऱ्यात, लहानपणी मी हेच ऐकलं होतं. शेजारच्या दोन गल्ल्यांत भरदिवसा घरं फुटत होती, आमची गल्ली तेवढी सुखरूप. समोरचे तात्या म्हणायचे, "आपल्या गल्लीत यायची कुणाची टाप न्हाई!" आम्ही गावी गेलो तर असावी म्हणून गल्लीतल्या सगळ्यांसारखीच आईनंही घराची दुसरी किल्ली त्यांच्या बायकोकडे, म्हणजे काकूंकडे ठेवली होती.

एका दुपारी पोलीस तात्यांच्याच घरात शिरले. धान्याच्या कणगीतून शेजारच्या गल्ल्यांतली तांब्याची भांडी आणि घड्याळं निघाली. सगळ्यात शेवटी निघाला किल्ल्यांचा जुडगा. फौजदार एकेक किल्ली गल्लीतल्या दारांना लावून बघू लागले. तिसऱ्या किल्लीनं आमचं कुलूप खटकन उघडलं. तात्यांनी सगळ्यांच्याच किल्ल्यांच्या नकला करून ठेवल्या होत्या.

संध्याकाळी काकू आमची खरी किल्ली द्यायला दारात आल्या. "आवं वैनी, मला खरंच काय ठावं नव्हतं वो," म्हणत रडल्या. आईनं किल्ली घेतली आणि दार लावून घेतलं. आठवड्याच्या आत काकू पाटणला माहेरी निघून गेल्या.

त्या खरं बोलत होत्या की नाही, मला आजही माहीत नाही. आईच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतंत?