नाउनच्या जागी

ग्रामरसरांनी एकतीस वर्षं पोरांकडून एकच गोष्ट घोटून घेतली: इंग्रजी शब्द दिसला की त्याची जात सांगा. शाळा सुटली, सवय सुटली नाही. जेवताजेवता बायकोला विचारायचे, "स्पून काय गं?" दिवसभर शिवणयंत्रावर मान मोडलेली ती बिचारी "नाउन" म्हणून मोकळी व्हायची.

मग त्यांना झटका आला. हातपाय वाचले, बरेच शब्द गेले. आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपिस्ट घरी यायची. खुर्चीचं चित्र दाखवलं तर सर ढिम्म, पण 'चेअर' लिहिलेलं कार्ड दिसलं की फाडकन "नाउन!" चेअर म्हणजे काय, ते मात्र सांगता येईना. 'रन'ला व्हर्ब, 'ब्लू'ला अॅडजेक्टिव्ह. 'लाइट'वर तर चक्क चिडले. "आधी वाक्य सांगा! नुसतं लाइट काहीही होतं!" बायकोला हसू आवरेना. किती दिवसांनी घरात कुणी रागावलं होतं.

थेरपिस्टनं तिच्याकडे बोट केलं. "आणि या?"

सरांनी बराच वेळ निरखून पाहिलं. "प्रोनाउन."

"म्हणजे हो?"

"नाउनच्या जागी येतं ते." मग आवाज उतरवून म्हणाले, "दिसतात तिच्यासारख्या. पण ती नव्हेत."

"अहो, असं काय करता? मीच की!"

"तुम्ही बसा ना," सर अदबीनं म्हणाले.

चाळीस वर्षांच्या संसारात तिला त्यांनी पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. चेहऱ्याची ओळख पटते, माणसाची पटत नाही. तिनं जुना चष्मा लावून पाहिला, केस पूर्वीसारखे बांधून पाहिले. व्यर्थ. एका दुपारी मात्र सवयीनं स्वयंपाकघरातून हाक गेली, "चहा ठेवू का हो?"

"ठेव गं. साखर बेतानं."

ती धावत बाहेर आली. सरांचा चेहरा मिटला. "तुम्ही होय," ते म्हणाले.

तेव्हापासून दार लोटून ती आत स्टुलावर बसू लागली. हातात कुणाच्या तरी परकराची घडी, तोंडानं गप्पा. बाहेरून सर हसायचे, दटावायचे, शब्द विचारायचे. ताट घेऊन ती बाहेर आली की कुजबुजायचे, "जरा हळू. ती आत आहे."

असे दोन महिने गेले. एकदा सरांनी विचारलं, "अंडर काय गं?" दोरा तोंडात धरलेला, म्हणून तिला लगेच बोलता आलं नाही. बाहेर सर थांबले, उत्तर यायला लागतो तेवढाच वेळ.

"शाब्बास!" ते म्हणाले.

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली असेल. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम गप्प बसली. सर विचारत गेले, थांबत गेले, खदखदून हसत गेले. एकदा तर म्हणाले, "अगं, इतकं भरभर नको बोलूस."

तिनं मागं वळून पाहिलं नाही. स्टूल उचललं, बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि त्यांच्याशेजारी बसली. पुढचे सात महिने, सर जाईपर्यंत, ती तिथंच बसून शिवायची. ते दाराशी बोलत राहायचे. मधूनच भान आलं, की बिस्किटांची बशी तिच्यापुढं सरकवायचे.

"घ्या ना," म्हणायचे, "संकोच करू नका."