अरबी घोड्याचा पोळा

आमचे हे शाळेतून रिटायर झाले आणि चार महिन्यांत घोडा घेऊन आले. लोक रिटायर झाल्यावर गुडघ्याला लावायचं तेल आणतात. मी तेव्हा तहसील कार्यालयात कारकून होते. संध्याकाळी घरी आले, तर अंगणात जिथे मी मेथी पेरली होती तिथे एक पांढरा घोडा उभा होता. मेथी नव्हती.

घोडा वरातीतला होता. आर्णीतल्या एका घोडेवाल्याने तो हौसेने आणला होता, पण वरातीला घोड्या लागतात, शांत आणि बँडला सरावलेल्या. हा खच्ची न केलेला नर. एका लग्नात त्याला दुसऱ्या वरातीतली घोडी दिसली आणि हा नवरदेवाला पाठीवर घेऊन थेट तिकडच्या मांडवात शिरला. त्यानंतर त्याला कोणी बोलावेना. ह्यांनी पाहिला आणि घेऊन टाकला. मला विचारलं नाही, कारण मी काय म्हणणार ते त्यांना माहीत होतं.

"असली अरबी आहे," हे येईल त्याला सांगत.

"अरबी असो का दारव्ह्याचा," मी म्हणायची, "लीद तर सारखीच टाकन ना?"

पण खोटं कशाला बोलू, रूप होतं त्याला. लांबून पांढरा दिसायचा, जवळ गेलं की मानेवर आणि खांद्यावर मोहरीएवढे तपकिरी ठिपके. अंघोळ घातली की पांढऱ्या केसांखालची काळी कातडी दिसायची आणि घोडा क्षणात राखी व्हायचा. कपाळ रुंद, त्याखाली नाकाचं हाड आत वळलेलं, आणि नाकपुड्या एवढ्या पातळ की उन्हात आतून गुलाबी दिसत. शेतात मोकळा सोडला की शेपूट उंच धरून पळायचा. तो पळताना पाहून रस्त्याने जाणारे गाडी थांबवत. मीही स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत असे, भांडी घासण्याचं निमित्त करून.

स्वभाव मात्र नवरदेव पळवणाऱ्याचा वाटत नव्हता. माणसांशी तो फार सांभाळून वागे. गल्लीतली पोरं त्याच्या पोटाखालून आरपार जात, तो पाय हलवत नसे. ह्यांच्या मोटारसायकलचा आवाज त्याला वळणावरूनच कळे. हे आले की तो कपाळ ह्यांच्या छातीला टेकवून उभा राही, आणि बत्तीस वर्षं पोरांना छड्या मारलेला माझा नवरा त्याच्या कानात काहीतरी पुटपुटत बसे. माझ्याशी इतकं कधी बोलले नाहीत. राग यायचा मला. मी जाहीर केलं होतं, या घोड्याला मी हात लावणार नाही. आणि लावलाही नाही, निदान कोणासमोर.

तिसऱ्या वर्षीचा पोळा. आमच्याकडचे बैल कधीच गेले होते, शेत ट्रॅक्टरवर चाललं होतं. त्या दिवशी ह्यांनी घोड्याला घासूनपुसून अंघोळ घातली, शिंगं नाहीत म्हणून आयाळीला रंगीत गोंडे बांधले आणि तोरणाखाली बैलांच्या रांगेत, अगदी शेवटी, नेऊन उभा केला. लोक हसले. मग एकदोघांनी त्याच्याही कपाळाला गुलाल लावला.

तोरण तोडून पोळा फुटला की बैल घरोघरी जातात. दारात बाई त्यांच्या पायांवर पाणी घालते, ओवाळते, पुरणपोळी खाऊ घालते. हे घोडा घेऊन आमच्याच दारात उभे राहिले.

"याच्या पायावर पाणी टाकशील का वं?"

शेजारणी पाहत होत्या. माझी जीभ चालली. "हा कोणता वखर वढते? बसून तर खाते!"

शेजारणी हसल्या. हे हसले नाहीत. दोर धरला आणि घोड्याला मागच्या अंगणात घेऊन गेले.

मला वाईट वाटलं. तेव्हाच बाहेर जाऊन पाणी घातलं असतं तर काय बिघडलं असतं, पण मी तशी नाही. दिवेलागणीला हे कोणाकडे तरी बसायला गेले, तशी मी तुपाने भिजवलेल्या पाच पोळ्या घेऊन मागे गेले. त्याने एकेक पोळी तळहातावरून नुसत्या ओठांनी उचलून खाल्ली, दात लागू दिला नाही. मग कपाळ माझ्या खांद्याला टेकवलं. मी बराच वेळ तशीच उभी राहिले.

मला ठाऊक नव्हतं की आमच्या गल्लीतली प्रत्येक बाई त्या संध्याकाळी केव्हा ना केव्हा मागच्या फाटकाने येऊन गेली होती.

सकाळी घोडा पुन्हा पुन्हा मान वळवून स्वतःच्या पोटाकडे पाहत होता. पुढच्या पायाने माती उकरत होता. अंगाला घाम, आणि गोठ्यात रात्रभराची लीद नाही. ह्यांनी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. सुट्टी असूनही त्या स्कूटीवर आल्या. तरुण बाई, सांगलीकडच्या. पोटाला कान लावून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काय खाल्लं?"

"चारा अन् हरभरा, रोजचंच," हे म्हणाले.

तोवर कुंपणाशी बायका जमल्या होत्या. एक हळूच म्हणाली, "म्या त एक पुरणपोळी देल्ली." दुसरी म्हणाली, "मायी बी एकच." मग सगळ्यांच्याच एकेक निघाल्या. डॉक्टर वैतागल्या. "घोडा म्हणजे बैल नाही. त्याला रवंथ नाही, उलटीसुद्धा होत नाही. किती गेलं ते नीट कळल्याशिवाय मी काय करू? तुम्ही, काकू? तुम्ही दिली का?"

हे माझ्या वतीने म्हणाले, "तिले नका विचारू. ते त्याच्याकडं पायत बी नाही."

इथे गप्प राहणं फार सोपं होतं. घोड्याने तेवढ्यात गुडघे वाकवले, खाली बसायला पाहू लागला.

"पाच," मी म्हणाले. "तूप लावून."

हे गर्रकन माझ्याकडे वळले. मग कुंपणावरून आवाज येऊ लागले, "म्या दोन देल्ल्या, म्याडम." "मायावाल्या तीन होत्या." बेरीज ऐकून डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. त्यांनी नाकातून नळी घालून आंबलेलं बरंच बाहेर काढलं, तेल आत सोडलं, सुई टोचली. जाताना बजावलं, "चालवत ठेवा. आडवं पडून लोळू देऊ नका. लीद पडली तर वाचला. नाही पडली तर मला सांगता येत नाही."

तो तान्ह्या पोळ्याचा दिवस. पोरं लाकडी बैल ओढत गल्लीतून जात होती आणि आम्ही आळीपाळीने घोडा फिरवत होतो. आदल्या दिवशी हसलेल्या शेजारणीही दोर धरून एकेक फेरी मारून गेल्या. दुपारी हे पार थकले, त्यांना मी ओसरीवर बसवलं आणि दोर घेतला. घोडा दहा पावलं चालायचा आणि थांबायचा. मी चक्क त्याच्याशी बोलत होते. म्हटलं, बाबा, माझी सगळी मेथी खा, पण पडू नको.

चारच्या सुमाराला तो थांबला, शेपूट वर केली आणि लीद टाकली. मी एवढ्या जोरात ओरडले की हे ओसरीवरून पडता पडता वाचले. मग मी तिथेच त्याच्या गळ्यात पडून रडले. सगळ्या गल्लीने पाहिलं.

ह्यांनी मला एका शब्दाने छेडलं नाही. आठ दिवसांनी मागच्या फाटकावर पाटी मात्र लागली, शाळेतल्या फळ्यावरच्या त्यांच्या अक्षरात: घोड्यास पुरणपोळी देऊ नये. खाली बारीक अक्षरात: घरच्यांनीसुद्धा.

पुढच्या पोळ्याला मी तांब्या घेऊन आधीच दारात उभी होते. ताटात हळदकुंकू आणि हिरव्या गवताची जुडी. सगळ्यांसमोर वाकले आणि त्याच्या चारही खुरांवर पाणी घातलं.

"काहून वं?" हे म्हणाले. "हा कोणता वखर वढते?"

"उभा आहे ना," मी म्हणाले. "मले तेवढं पुरते."